अमेरिकी पोटनिवडणुका आणि ऑनलाइन लोकवर्गणी

अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, एखादी जागा मुदतीआधी रिकामी झाली की तिथे पोटनिवडणूक लागते. अशा वेळी देशभरातले सामान्य लोक इंटरनेटवरून उमेदवाराला छोट्या देणग्या पाठवतात आणि घरबसल्या त्याचा प्रचारही करतात. गेल्या दोन दशकांत ही पद्धत तिथल्या राजकारणात चांगलीच रुजली आहे.

कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे प्रतिनिधिगृहाची, जागा नेमणुकीने भरता येत नाही, राज्यघटनेप्रमाणे निवडणूकच घ्यावी लागते. सिनेट या वरिष्ठ सभागृहासाठी मात्र १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तात्पुरत्या नेमणुकीची वाट ठेवली आहे. एरवी दर दोन वर्षांनी शेकडो लढती एकाच दिवशी होतात आणि लोकांचे लक्ष विखुरते. पोटनिवडणूक एकटी येते, त्यामुळे देशाची नजर एका मतदारसंघावर खिळते. तयारीला दिवस थोडे असतात, मतदानही बहुधा कमी होते. अशा लढतीत काही हजार मते इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरू शकतो. परगावच्या समर्थकाला आपला हातभार इथे कामी येईल असे वाटते, ते यामुळेच.

फेब्रुवारी २००४ मध्ये केंटकीतल्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट बेन चँडलर यांनी राजकीय ब्लॉगांवर सुमारे २,००० डॉलरच्या जाहिराती दिल्या. त्यातून जवळपास ८०,००० डॉलरच्या देणग्या आल्या आणि चँडलर निवडूनही आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ॲक्टब्लू या संस्थेने डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी देणग्या गोळा करण्याची कायमची सोय केली. रिपब्लिकन पक्षाची तशी सोय, विनरेड, २०१९ मध्ये आली. ऑगस्ट २००५ मध्ये ओहायोच्या दुसऱ्या मतदारसंघात इराक युद्धातून परतलेले पॉल हॅकेट उभे राहिले. रिपब्लिकनांचा हा बालेकिल्ला. तरीही ऑनलाइन देणग्यांच्या बळावर लढून हॅकेट सव्वातीन टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने हरले. ‘इथे लढून उपयोग नाही’ म्हणून सोडून दिलेल्या जागांकडे कार्यकर्ते वेगळ्या नजरेने पाहू लागले, ते प्रामुख्याने या निकालानंतर.

ही पद्धत एकाच पक्षाची नाही. टेड केनेडी यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या सिनेट जागेसाठी रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांच्या समर्थकांनी ११ जानेवारी २०१० रोजी एका दिवसात ५ लाख डॉलर जमवायचे ठरवले. जमले सुमारे १३ लाख. आठवडाभरात ब्राउन जिंकलेही.

देणगी देण्याचे काम मिनिटभराचे असते. रकमेची बटणे, कार्डाचा क्रमांक, पत्ता, शिवाय व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचे नाव. शेवटची माहिती निवडणूक कायद्यातील हिशेबाच्या नियमांमुळे विचारली जाते. एकदा माहिती साठवून ठेवली की पुढच्या वेळी एक बटण पुरते. देणगीला मतदानाच्या प्रत्येक फेरीसाठी वेगळी कमाल मर्यादा असते, आणि अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना देणगी देता येत नाही. श्रमदानाचे मार्ग वेगळे. स्वयंसेवक दुसऱ्या राज्यात बसून मतदारांना फोन करतात, फोनवरून एकेकाला संदेश पाठवतात किंवा हाताने पोस्टकार्डे लिहितात. पोस्टकार्डांची मोठी मोहीम २०१७ मध्ये जॉर्जियातल्या लढतीपासून सुरू झाली.

ती लढत या पद्धतीचे बळ दाखवते आणि तिची मर्यादाही. तिथले प्रतिनिधी टॉम प्राइस मंत्री झाल्याने जॉर्जियाचा सहावा मतदारसंघ रिकामा झाला. डेमोक्रॅट जॉन ओसॉफ यांच्याकडे देशभरातून २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. दोन्ही बाजूंचा खर्च मिळून ५ कोटींच्या पुढे गेला. तोवर प्रतिनिधिगृहाच्या कुठल्याही जागेसाठी एवढा पैसा ओतला गेला नव्हता. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने झालेल्या अंतिम फेरीत सुमारे २ लाख ६० हजार मते पडली, म्हणजे त्याच जागेच्या २०१४ मधील नियमित निवडणुकीपेक्षाही जास्त. तरी रिपब्लिकन कॅरेन हँडल साडेतीन टक्क्यांनी जिंकल्या. ओसॉफ यांचा पैसा कॅलिफोर्नियासारख्या दूरच्या राज्यांतून येतो, हा विरोधकांचा प्रचाराचा मुद्दाच झाला होता. खुद्द ओसॉफही मतदारसंघाच्या हद्दीबाहेर राहत होते.

त्याच दिवशी, २० जून २०१७ रोजी, दक्षिण कॅरोलिनाच्या पाचव्या मतदारसंघातही मतदान होते. तिथले डेमोक्रॅट आर्ची पार्नेल यांच्याकडे देशाचे फारसे लक्ष नव्हते आणि ओसॉफ यांच्या तुलनेत पैसाही नगण्य होता. पार्नेल यांचा पराभव तीन टक्क्यांच्या थोड्या वर, म्हणजे ओसॉफ यांच्यापेक्षाही कमी फरकाने झाला. २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प यांनी २७ टक्क्यांची आघाडी घेतलेल्या कॅन्ससच्या चौथ्या मतदारसंघात जेम्स थॉम्पसन यांनी एप्रिलमध्येच पराभवाचे अंतर सहा-सात टक्क्यांवर आणले होते, तेही राष्ट्रीय पक्षाने जवळपास पाठ फिरवलेली असताना. लोकवर्गणी चर्चेच्या मागे धावते, चुरशीच्या मागे धावतेच असे नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होय. २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या सहाव्या मतदारसंघात तो पुन्हा दिसला. डेमोक्रॅट जॉश वाइल यांनी १ कोटी डॉलरहून अधिक जमवले आणि ते सुमारे १४ टक्क्यांनी हरले. २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीतली ट्रम्प यांची तिथली आघाडी त्याच्या दुपटीहून जास्त होती, एवढीच जमेची बाजू.

पैसा उशिरा आला तर तो बहुतेक दूरचित्रवाणीच्या जाहिरातींवर जातो, कारण एव्हाना माणसे नेमून, शिकवून दारोदार पाठवायला वेळ उरलेला नसतो. लवकर आलेली छोटी रक्कम म्हणूनच अधिक मोलाची. ५ जानेवारी २०२१ रोजी जॉर्जियात सिनेटच्या दोन जागांची अंतिम फेरी झाली, त्यातली राफाएल वॉर्नॉक यांची लढत पोटनिवडणुकीची होती. दुसऱ्या जागेवर उभे असलेले ओसॉफ आणि वॉर्नॉक या दोन डेमोक्रॅटांनी सुमारे दोन महिन्यांत प्रत्येकी १० कोटी डॉलरहून अधिक जमवले, दोघेही जिंकले. पण तिथे मतदार नोंदणीचे आणि घरोघर जाण्याचे काम स्थानिक संघटना वर्षानुवर्षे करत होत्या. बाहेरचा पैसा त्या तयार जमिनीवर पडला.

देणगीदारांच्या फसवणुकीचा प्रश्नही गंभीर आहे. मिळतेजुळते नाव घेऊन उमेदवाराशी संबंध नसलेले गट पैसे उकळतात. काही प्रचारपानांवर ‘दरमहा देणगी’च्या चौकटीत आधीच खूण केलेली असे, आणि एकदाच द्यायचे म्हणून दिलेले पैसे खात्यातून पुन्हा पुन्हा कापले जात. अशा आधीच खूण केलेल्या चौकटींवर बंदी घालावी, अशी शिफारस संघीय निवडणूक आयोगाने मे २०२१ मध्ये एकमताने काँग्रेसला केली.