पेरूच्या मेघवनात उत्खनन: परवानगी कोणाला मिळते, कागदपत्रे कोणती लागतात

अँडीजच्या पूर्व उतारावर, बाराही महिने धुक्यात बुडालेल्या जंगलात, चाचापोया लोकांच्या जुन्या वसाहती आहेत. ग्रान पाहातेन ही त्यांतलीच एक. तिथल्या गोल दगडी इमारतींच्या भिंतींवर पाटीच्या दगडाचे तुकडे बसवून माणसांच्या आकृती केल्या आहेत. अशा ठिकाणी परवानगीशिवाय हातभर चरही खणता येत नाही.

अर्ज पेरूच्या संस्कृती मंत्रालयाकडे करायचा. सध्या २०२२ ची पुरातत्त्वीय कामांची नियमावली लागू आहे. अर्ज प्रकल्प संचालकाच्या नावाने जातो आणि संचालक पुरातत्त्वज्ञांच्या राष्ट्रीय नोंदवहीत असावा लागतो. तो परदेशी असेल, तर सोबत पेरूचा सहसंचालक हवा. आधीच्या कामाचा अहवाल थकला असेल, तर नवा अर्ज अडतो. म्हणून आधी तो हातावेगळा करा. विद्यार्थ्यांनी वेगळा अर्ज करायचा नसतो, संचालकाच्या चमूत त्यांचे नाव असले की पुरते.

कागदपत्रांत संशोधनाचा प्रश्न, कामाची पद्धत, चर कुठे घेणार याचा नकाशा, वेळापत्रक, अंदाजपत्रक, निधीची हमी आणि चमूची शैक्षणिक माहिती हवी.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो जतनाच्या आराखड्याला. झाडांची मुळे दगड उचकटतात हे खरे, पण तीच मुळे आणि शेवाळ भिंत धरूनही ठेवतात. झाडी साफ केली की पाऊस थेट सांध्यांतल्या मातीवर पडतो. कुएलाप या चाचापोयांच्याच किल्ल्याच्या भव्य तटाचा एक भाग एप्रिल २०२२ मध्ये पावसाच्या माऱ्याने ढासळला. म्हणून किती झाडी काढणार, उघड्या भिंतीवर आच्छादन कसले घालणार, चर कशाने आणि कधी बुजवणार, हे चरागणिक लिहा. ‘योग्य ती काळजी घेऊ’ एवढ्यावर भागवू नका.

जागा संरक्षित वनात असेल, तर पेरूची संरक्षित नैसर्गिक क्षेत्रे सांभाळणाऱ्या ‘सेर्नान्प’ या सरकारी संस्थेची परवानगी वेगळी काढावी लागते. ग्रान पाहातेन १९८३ मध्ये स्थापन झालेल्या रिओ अबिसेओ राष्ट्रीय उद्यानात आहे, त्यामुळे तिथे दोन्ही परवानग्या लागतात.

सापडलेली वस्तू देशाच्या मालकीची असते. कालमापनासाठी कोळशाचा नखाएवढा तुकडा परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असला, तरी मंत्रालयाची स्वतंत्र मंजुरी हवी. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.