बाबा, पाच मिनिटं

आमच्या इमारतीत पाणी पहाटे पाचला येतं आणि साडेसहाला जातं. त्या दीड तासात पिंप भरायचं, मशीन लावायचं, आईची आंघोळ उरकायची, डबे करायचे आणि या सगळ्यावर कडी म्हणजे लेकीला उठवायचं. ती पंधरा वर्षांची आहे, नववीत आहे आणि तिची शाळा सातला पाच कमी असताना भरते. पहिली हाक साडेपाचला. "उठते." दुसरी पावणेसहाला. "बाबा, पाच मिनिटं." सहा वाजता माझी आई देवापुढची घंटा जरा जास्तच जोरात वाजवते. सव्वासहाला मी पंखा बंद करण्याचं ब्रह्मास्त्र काढतो. पुढचे संवाद शेजारच्या घरालाही पाठ झालेत.

हीच मुलगी पाचवीत असताना सुट्टीच्या दिवशीही साडेसहाला उठून माझ्या पोटावर बसायची आणि रात्री नऊला ताटावरच पेंगायची. चार वर्षांत असं काय झालं? आईचं निदान ठरलेलं: मोबाइल. माझं: आळस. बायको म्हणाली, वय आहे. ती सर्वात जवळ होती, पण "वय आहे" म्हणजे नेमकं काय, हे मला शोधून काढावं लागलं.

झोपेचा हिशेब शरीरात दोन ठिकाणी ठेवला जातो. अलेक्झांडर बोर्बेली या झोपेच्या अभ्यासकाने १९८२ मध्ये हे गणित मांडलं आणि ते अजून टिकून आहे. पहिलं म्हणजे घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडं वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो प्रकाश पाहून दिवस-रात्र ओळखतो आणि अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक सोडायचा इशारा देतो. दुसरं म्हणजे साठणारी झोप. आपण जितका वेळ जागे, तितकी ती चढत जाते, नळाखालच्या बादलीसारखी. बादली भरली आणि घड्याळानेही "रात्र झाली" म्हटलं, की डोळे मिटतात.

वयात येताना या दोन्ही गोष्टी बदलतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहावीतल्या मुलामुलींची पाहणी केली. एकाच वर्गातली मुलं, पण काहींचं शरीर वयात येऊ लागलेलं, काहींचं नाही. ज्यांचं शरीर पुढे गेलं होतं, त्यांचा कल रात्री जागण्याकडे जास्त होता. पुढे मंद उजेडात मुलांना बसवून, दर थोड्या वेळाने त्यांची लाळ तपासून दिसलं, की मेलाटोनिन सुटायची वेळच पुढे सरकलेली असते. शिवाय बादली हळू भरू लागते. दहा वर्षांच्या पोराला साडेनऊला जी पेंग येते, ती पंधरा वर्षांच्या पोराला त्या वेळी येतच नाही. अंथरुणावर ढकललंत तरी ते छताकडे बघत राहील. मात्र झोपेची गरज फारशी कमी झालेली नसते. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास लागतात. साडेपाचला उठायचं तर साडेनऊलाच झोपायला हवं, आणि नेमकं तेच शरीराला जमत नाही.

वयात येणं सुरू होतं तेही झोपेतच. मेंदूतून अंडाशय आणि वृषण यांना जागं करणारं संप्रेरक आधी फक्त रात्रीच्या झोपेत झटक्याझटक्याने सुटू लागतं, हे १९७२ मध्येच दिसलं होतं. दिवसा ते नंतर पसरतं. म्हणजे घरातलं मूल मोठं होऊ लागतं ते आपण सगळे घोरत असताना.

राहिला मोबाइल. तो निर्दोष नाही, पण मुख्य आरोपीही नाही. उंदीर आणि माकडं या प्राण्यांतही वयात येताना जागण्या-झोपण्याची वेळ सरकते, आणि त्यांच्याकडे फोन नसतो. पडद्याच्या निळसर प्रकाशाचं भय जरा जास्तच घातलं गेलं आहे. २०१५ च्या एका गाजलेल्या प्रयोगात तरुणांना झोपण्याआधी चार तास, पूर्ण उजेड ठेवून, पडद्यावर पुस्तक वाचायला लावलं. कागदी पुस्तक वाचलं त्या रात्रींपेक्षा त्यांना झोप लागायला जेमतेम दहा मिनिटं जास्त लागली. मेलाटोनिन सुटायची वेळ मात्र दीड तास पुढे गेली, हेही खरं. तरी माझ्या मते फोनचा खरा गुन्हा वेगळा: उशिरा झोप येणाऱ्या जीवाला तो जागं राहायला कारण देतो. आमच्या वेळी ते काम कट्टा करायचा.

कारण मीही असाच होतो. हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

माझं लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सात जण. दहावीला असताना माझं डोकं रात्री अकराला चालू व्हायचं, पण खोलीत दिवा लावला की वडिलांची झोप मोडायची. मग वही घेऊन अभ्यास गल्ली. वरळीकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, हा चाळींजवळचा एक रस्ता आहे, जिथे पोरं पिढ्यान् पिढ्या पालिकेच्या दिव्यांखाली अभ्यास करत आली. तेव्हा सगळे म्हणायचे, जागा नाही म्हणून पोरं रस्त्यावर बसतात. खरंच आहे. पण रात्री एक वाजता त्या गल्लीत जाग असायची, पहाटे पाचला नसायची. जागेची अडचण दिवसभर असते. वेळ मात्र त्या वयाच्या घड्याळाने निवडलेली होती.

जर्मनीतले टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये हजारो माणसांच्या झोपेच्या वेळांची माहिती मांडली, तेव्हा एक सुरेख वक्ररेषा निघाली. लहानपणापासून माणूस उशिरा-उशिरा जागणारा होत जातो, विशीच्या आसपास टोक गाठतो, मुली मुलांच्या थोडं आधी, आणि तिथून पुन्हा उलटा फिरतो. तारुण्याचा पहिला टप्पा संपल्याची ही जैविक खूण मानावी, असं त्यांनी सुचवलं. या रेषेवर पाहिलं तर आमच्या घरात मजाच आहे. लेक चढावर, मी शेहेचाळीसचा म्हणजे उतारावर बराच खाली, आणि आई थेट पायथ्याशी, साडेतीनला टक्क जागी. आपल्याला लवकर जाग येऊ लागली, की ती शिस्तच आहे असं आपल्याला वाटू लागतं. "लवकर निजे, लवकर उठे" हे पोरांना ऐकवणारे बहुतेक जण चाळिशी ओलांडलेले असतात, हे लक्षात घ्या.

एका घरात अशी वेगवेगळी घड्याळं असणं हा दोष नसावाही. टांझानियात शिकार करून आणि कंद-फळं गोळा करून राहणाऱ्या हाड्झा लोकांच्या मनगटांवर संशोधकांनी झोप मोजणारी यंत्रं बांधली. तेहेतीस प्रौढ माणसं, वीस दिवस. एवढ्या काळात सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत अशी मिनिटं भरली अवघी अठरा. तरुण उशिरापर्यंत जागे, म्हातारे पहाटे जागे. म्हणजे रात्रीचा पहारा कुणी न नेमता लागत होता. २०१७ चा हा अभ्यास वाचताना मला आमची खोलीच आठवली. वडील रातपाळीहून यायचे तेव्हा आजी उठून चूल करून बसलेली असायची, आणि मी नुकता गल्लीतून येऊन आडवा झालेला. चोराला आमच्याकडे संधीच नव्हती.

आता आणखी एक घड्याळ, भिंतीवरचं. शरीर सूर्य बघतं, शाळा प्रमाणवेळ बघते. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते मिर्झापूरजवळून जातं, मुंबईच्या बरंच पूर्वेला. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागे असतो. १९०६ मध्ये ही वेळ आली तेव्हा मुंबईने ती निमूट स्वीकारली नव्हती. गिरणी कामगारांनीही विरोध केला होता आणि जुना "बॉम्बे टाइम" शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. आज ते सगळं विस्मरणात गेलं. पण सातची शाळा म्हणजे मुंबईच्या सूर्याप्रमाणे सहा वाजून एकवीस मिनिटांची शाळा. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. लेक वर्गात पहिली हजेरी देते तेव्हा बाहेर अजून पुरतं उजाडायचं असतं, आणि मेंदूतल्या त्या वीस हजार पेशींना जागं करणारा सकाळचा उजेड तिला मिळालेलाच नसतो. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने देशभरातली माहिती घेऊन दाखवलं आहे, की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथली मुलं जवळपास अर्धा तास कमी झोपतात, आणि त्याची किंमत त्यांच्या शिक्षणाला मोजावी लागते. शाळेची घंटा त्यांच्यासाठी थांबत नाही ना.

मग महाराष्ट्र सरकारने काही केलं नाही का? केलं. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा. हेतू चांगला, चिमुरड्यांना साखरझोपेतून ओढू नये. पण ज्यांची घड्याळं खरोखर पुढे सरकलेली असतात ती पोरं पाचवीच्या पुढची. लेकीच्या शाळेत इमारत एक आणि सत्रं दोन. छोट्यांना उशिराचं सत्र दिलं, तेव्हा मोठ्यांच्या वाट्याला सकाळचं आलं. पालकसभेत मी हात वर केला. उत्तर मिळालं, "मोठी आहेत, त्यांना जमतं."

कार्स्कॅडन यांनी नेमकं हेच तपासलं होतं. नववीत सव्वाआठनंतर भरणारी शाळा दहावीत सात वीसला भरू लागली, त्या मुलांना त्यांनी सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत शांत पडायला सांगितलं. जवळजवळ निम्मी मुलं काही मिनिटांत थेट स्वप्नं पडणाऱ्या झोपेत गेली. माणूस अशा झोपेत एरवी तास-दीड तासाने पोहोचतो. म्हणजे त्यांचा मेंदू साडेआठलाही रात्रीतच होता. उलट सिएटल शहराने २०१६ पासून मोठ्या मुलांच्या शाळा सात पन्नासवरून पावणेनऊला नेल्या, तेव्हा अनेकांना वाटलं पोरं तेवढंच जास्त जागतील. तसं झालं नाही. ती रोज साधारण चौतीस मिनिटं जास्त झोपली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ पासून साडेआठच्या आत हायस्कूल नाही.

मुंबईत हे उद्या होणार नाही. दोन सत्रं, लोकलची गर्दी, आईबापांच्या कामाच्या वेळा, सगळं एकमेकांत अडकलंय. मग घरात जे हातात आहे तेवढं आम्ही केलं, आणि ते करताना बरीच भांडणं झाली, हेही सांगतो.

आधी अंथरुणं बदलली. लेक हॉलमध्ये झोपायची, म्हणजे पाचला पिंपात पडणाऱ्या पाण्याच्या शेजारी. ती आतल्या खोलीत गेली, आई बाहेर आली. तसंही ती त्या वेळी जागीच असते. दप्तर, गणवेश आणि आंघोळ रात्रीच. त्यामुळे हाकेची वेळ साडेपाचची पावणेसहा झाली, पंधरा मिनिटं फुकटात मिळाली. माझा साडेदहाचा मोठ्या आवाजातला बातम्यांचा कार्यक्रम बंद झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. रविवारी ती साडेअकरापर्यंत झोपायची. आता साडेनऊला उठते. सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास जास्त झोपणं म्हणजे दर आठवड्याला विमानाने दूरदेशी जाऊन सोमवारी परत येण्यासारखं आहे, असं घड्याळाच्या भाषेत सांगितल्यावर तिने घासाघीस करून अर्धा तास मिळवला. दुपारी क्लासच्या आधी वीस मिनिटांची डुलकी, जास्त नाही.

सगळ्यात कठीण होतं रात्रीची वेळ ठरवणं. मला वाटत होतं, शरीरच तसं आहे तर नियम कशाला करा? पण २०१० चा एक मोठा अमेरिकी अभ्यास आहे, पंधरा हजारांवर मुलांचा. ज्यांच्या आईबापांनी झोपायची वेळ दहा किंवा आधीची ठरवली होती, त्यांच्यापेक्षा बारा किंवा नंतरची मुभा असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण चोवीस टक्के जास्त होतं. झोपेमुळेच नैराश्य, असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, पण वेळ ठरवली तर मुलं बऱ्याच अंशी ती पाळतात हे त्यात दिसतं. दहा आमच्याकडे अशक्य. तिने साडेअकरा म्हटलं, बायकोने साडेदहा, अकराला सौदा ठरला. फोन फ्रिजवर. बदल्यात मी पंख्याला हात लावायचा नाही आणि "आळशी" हा शब्द वापरायचा नाही.

तरीही सकाळची हाक फुकट जायचीच. मग एका रविवारी सकाळी सहाला खालून तिच्या मैत्रिणीने, नॅशनल पार्कला जायचं म्हणून, एकच हाक मारली आणि बाईसाहेब ताडकन उठून पायात बूट घालून तयार. आई म्हणाली, "बघ, मैत्रिणीच्या हाकेला बरी जाग येते!"

याचंही उत्तर आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ते सोळा वर्षांच्या मुलांना त्यांच्या आईचा आणि अनोळखी बायकांचा आवाज ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. लहान मुलांच्या मेंदूतली आनंदाची केंद्रं आईच्या आवाजाला उजळत. तेरा-चौदाच्या सुमाराला उलटं होतं. त्याच केंद्रांना परका आवाज जास्त मोलाचा वाटू लागतो. आईचा आवाज ओळखण्यात ही मोठी मुलं मुळीच कमी पडली नव्हती. ऐकू येतं, ओळखूही येतं, फक्त मेंदू बाहेरच्या जगाकडे कान लावून बसलेला असतो. बापाच्या आवाजाची चाचणी त्या प्रयोगात नव्हती. मला त्याची गरज वाटली नाही.

त्या सोमवारपासून पावणेसहाला लेकीच्या उशाशी घरचा जुना बटणांचा फोन वाजतो. पलीकडे मैत्रीण असते, तीही नुकतीच तिच्या आजीच्या घंटेने उठलेली. दोघी दोन मिनिटं काहीतरी पुटपुटतात, हसतात. मी तोवर पिंप भरून घेतो.