केमोसोबतचा काढा आणि केमोऐवजीचा काढा

केमोच्या, म्हणजे कॅन्सरची औषधं देतात त्या, डे-केअरमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, "डॉक्टरांना सांगू नका हं सिस्टर, पण घरी गुळवेल चालू आहे" हे तिने ऐकलेलंच असतं. लोकांना वाटतं आम्ही ॲलोपॅथीवाल्या, आम्हाला या सगळ्याचा राग येतो. तसं अजिबात नाही, आमच्यातल्या कितीतरी जणी स्वतः प्राणायाम करतात, पोरांना सर्दी झाली की आधी काढाच देतात. पण आम्ही दोन गोष्टी वेगळ्या धरतो आणि पेशंट त्या हमखास एकात मिसळतात.

एक पूरक उपचार, म्हणजे केमो, रेडिएशन, ऑपरेशन जे ठरलंय ते वेळेवर चालू आणि त्याच्या जोडीला योगा, मसाज, ॲक्युप्रेशर. दुसरा पर्यायी, म्हणजे ते सगळं सोडून त्याच्याऐवजी हे. वस्तू तीच असू शकते, तोच काढा सोबत घेतला तर पूरक आणि केमो सोडून घेतला तर पर्यायी. आणि फरक जिवाचा आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात, बरा होण्यासारखा कॅन्सर असून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीहून जास्त.

मला खरी काळजी असते ती मधल्या लोकांची. सुरुवात "सोबत घेतोय" अशीच होते, मग केमोची एखादी सायकल, म्हणजे ठरलेली फेरी, पुढे ढकलली जाते, कोणीतरी नातेवाईक सांगतो की आता रेडिएशनची गरज नाही, आणि सोबतचं कधी ऐवजी झालं ते घरच्यांनाही कळत नाही. त्याच येलच्या टीमच्या दुसऱ्या अभ्यासात नेमकं हे दिसलं, पूरक उपचार घेणाऱ्यांनी ऑपरेशन, केमो, रेडिएशन नाकारण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यांचा मृत्यूचा धोका दुप्पट होता, तोही मुख्यतः या नाकारण्यामुळे. म्हणून तारीख चुकली की आम्ही फोन करतो, ते ओरडायला नाही हो.

आता खरोखर सोबतच चालू असेल तरी अंगाबाहेरचं वेगळं आणि पोटात जाणारं वेगळं. मळमळीसाठी मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोरीसारख्या ताठ लागणाऱ्या दोन कंडरांच्या मधे दाबायचा पॉइंट असतो, तो मी स्वतः दाखवते, काहींना आराम पडतो, नाही पडला तर नुकसान काही नाही, फक्त उलटीची गोळी बंद करायची नाही. मसाजही चालेल, पण पाय अचानक सुजला असेल तर अजिबात चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर जोरात रगडणं नको.

पोटात जाणाऱ्याचं मात्र आधी सांगाच. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला. वाद आहे, मान्य. पण केमोच्या कितीतरी औषधांचा डोस लिव्हरचा रिपोर्ट बघून ठरतो, तो बिघडला तर डोस कमी करावा लागतो किंवा सायकलच थांबते, आणि काढ्याचं माहीत नसेल तर डॉक्टर कारण शोधत बसतात. भस्माच्या पुड्यांचं तर विचारूच नका, काहींमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे. लसूण-हळद स्वयंपाकात खुशाल घाला, पण त्यांच्या कॅप्सूल रक्त पातळ करायच्या गोळ्यांसोबत घेताना विचारून घ्या.

आम्हीही विचारताना नीट विचारायला हवं, "काही काढाबिढा घेता का?" असं कपाळाला आठ्या घालून विचारलं की उत्तर "नाही" असंच येणार. त्यामुळे मी विचारते, "घरी बरं वाटायला काय काय करता?" मग आजीच्या लेपापासून ऑनलाइन मागवलेल्या पावडरीपर्यंत सगळं बाहेर येतं, आणि मी सांगते की डबा किंवा निदान लेबलचा फोटो पुढच्या वेळी आणा, आपण फाइलला लावून ठेवू.