गाडीत बास मावत नाही म्हणे!

गाडीत कंपनीनेच बसवलेला सबवूफर (बास, म्हणजे सगळ्यात खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर) बदलायचा विषय निघाला की कुणीतरी शाळेतलं भौतिकशास्त्र बाहेर काढतंच. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, वारंवारिता ४० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर. गाडीची आतली लांबी जेमतेम तीन मीटर. मग साडेआठ मीटरची लाट त्यात मावणार कशी? तेव्हा खोल बास गाडीत तयारच होत नाही, पैसे वाया घालवू नका!

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा. तसं असतं तर इअरफोनमध्ये बास ऐकूच आला नसता. तिथे कानाच्या पडद्यापर्यंतची पोकळी फक्त एक-दोन घन सेंटिमीटरची असते. कानाला लाट ‘मावलेली’ लागत नाही, दाबातला चढउतार लागतो. आणि तो निर्माण करायला लहान, बंद जागा मोठ्या जागेपेक्षा कितीतरी सोयीची.

मोकळ्या मैदानात स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) सावकाश पुढे आला तर समोरची हवा निवांत बाजूला सरकते. तिथे मिळणारा दाब कोन किती सरकला यावर नाही, तर त्याच्या त्वरणावर ठरतो. त्वरण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. म्हणून सूर एक सप्तक खाली उतरला, म्हणजे वारंवारिता निम्मी झाली, की तेवढाच दाब मिळवायला कोनाला चौपट सरकावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर पुरत असेल, तर ४० ला चार आणि २० ला सोळा. इथे भले भले स्पीकर हात टेकतात.

गाडीत मात्र एका मर्यादेखाली सगळं चित्रच पालटतं. अर्धी तरंगलांबी गाडीच्या लांबीएवढी झाली की ही मर्यादा येते. तीन मीटर लांबीला ती साधारण ५७ हर्ट्झ. त्याखाली लाट इकडून तिकडे धावत नाही, आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदमच चढतो आणि उतरतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरावं आणि दांडा आत ढकलावा, तसं. हवेला पळायला वाट नाही, म्हणून दाब आता थेट कोनाच्या सरकण्यावर ठरतो.

आता हिशेबच करू. दहा इंची सबवूफरच्या कोनाचं क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस सेंटिमीटर. तो एक सेंटिमीटर पुढे आला तर ३३० घन सेंटिमीटर, म्हणजे एक तृतीयांश लिटर हवा ढकलली गेली. गाडीत हवा धरू ३००० लिटर. दाबातला बदल म्हणजे १.४ गुणिले वातावरणाचा दाब गुणिले या दोन आकारमानांचं गुणोत्तर. उत्तर येतं सुमारे साडेपंधरा पास्कल. वातावरणाच्या लाखभर पास्कलपुढे हे काहीच नाही, पण डेसिबलमध्ये मांडलं तर ११५ च्या आसपास! आणि या सूत्रात वारंवारिता कुठेच नाही. ४० हर्ट्झ असो की २०, तेवढ्याच सरकण्याला तेवढाच दाब. मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती हीच. मोकळ्या हवेच्या तुलनेत खाली उतरताना दर सप्तकामागे चौपटीची, म्हणजे १२ डेसिबलची फुकट मदत. जाणकार तिला केबिन गेन म्हणतात.

योगायोग असा की सीलबंद बॉक्समधला सबवूफर आपल्या अनुनादाच्या वारंवारितेखाली (ज्या सुरावर तो सगळ्यात सहज हलतो त्याखाली) मोकळ्या हवेत नेमका सप्तकामागे १२ डेसिबलनेच उतरत जातो. एकाची घसरण, दुसऱ्याचा चढ; बेरीज जवळपास सपाट. म्हणून गाडीत बेताच्या आकाराचा सीलबंद बॉक्स चांगला वाजतो, आणि घरासाठी आखलेला पोर्टेड (हवेसाठी नळीचं भोक ठेवलेला) बॉक्स डिकीत टाकला की अनेकदा एकाच सुरावर घुमत बसतो. अर्थात हे आदर्श गाडीचं गणित झालं. खऱ्या गाडीचा पत्रा लवचीक असतो, दारांच्या फटींतून हवा गळते, त्यामुळे मदत १२ पेक्षा कमीच मिळते. काच खाली केली तर सगळ्यात खालचे सूर आधी पळतात.

पण कंपनी मुळात छोटा सबवूफर का देते? स्पीकर-अभियंते हॉफमन यांच्या नावाचा एक नियम सांगतो: छोटा बॉक्स, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. कंपनी बहुधा खोल बासवर पाणी सोडते. आपण खोल बास मागितला की जादा वॉट लागणारच, पण म्हणून खोक्यावरच्या ‘५००० वॉट पीएमपीओ’ला (क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा) भुलू नये. तो आकडा मोजमापापेक्षा जाहिरातीच्या जवळचा. आरएमएस वॉट (सलग मिळणारी शक्ती) बघावेत, आणि तेही दुप्पट केले तरी फरक फक्त तीन डेसिबलचा पडतो. सोनेरी मुलाम्याच्या वायरीने बास ‘उबदार’ होतो म्हणणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार.

नुसता सबवूफर बदलून निराशा का होते, याचं कारण बहुतेक वेळा सिग्नलमध्ये असतं. आवाज वाढवला की मूळचे छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक गाड्यांचा ॲम्प्लिफायर बास गुपचूप कापतो. नवा सबवूफर कितीही दणकट असला तरी त्याला उपाशीच ठेवलं जातं. स्पीकरचा विद्युत रोधही जुळायला हवा: दोन ओहमच्या जागी चार ओहमचा बसवला तर त्याच व्होल्टेजला शक्ती निम्मी मिळते. आणि काही गाड्यांमध्ये इंजिनाची घरघर मारायला छतातले मायक्रोफोन ऐकत असतात आणि सबवूफरमधून उलटा आवाज सोडतात. ती जुळणी मूळ स्पीकरसाठी केलेली असते. नव्याचा फेज (लाटेच्या चढउताराची वेळ) वेगळा पडला की घरघर मरण्याऐवजी दुणावते. मग ती यंत्रणा बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि इंजिन आहे तसं ऐकावं लागतं.