तळपद्यांचे विमान: चौपाटीवर 1895 मध्ये नेमके काय झाले?

‘राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे विमान दीड हजार फुटांवर उडवले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘केसरी’त बातमी होती, असेही त्यात असते. त्या अंकाची तारीख किंवा कात्रण मात्र नसते.

तळपदे ही खरी व्यक्ती होती, विमानाचा ध्यास घेतलेली. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या उड्डाणाचा समकालीन पुरावा नाही. शिवाय या कथेतही विमानात माणूस नाही. मानवरहित यंत्र तर अमेरिकेत शास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांनी 6 मे 1896 ला पोटोमॅक नदीवर उडवले होते. वाफेच्या इंजिनावर ते सुमारे 3,300 फूट गेले, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी छायाचित्रही घेतले. तरी पहिल्या विमानोड्डाणाचा मान लँगलींना मिळाला नाही. राइट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 चे महत्त्व माणसासह, इंजिनाच्या बळावर झालेल्या, नियंत्रित उड्डाणाला आहे: 12 सेकंद, 120 फूट.

तळपद्यांचे विमान पाऱ्याच्या ‘आयन इंजिना’वर, म्हणजे विद्युतभारित कणांच्या झोतावर, उडाले ही या कथेला दिलेली जोड तर अगदीच अशक्य. त्याचा रेटा कागदाचा कपटा तोलण्याइतका असतो, तोही निर्वातात. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत पुस्तकाचा हवाला देतात, ते 1904 पूर्वीचे नाही आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 1974 मध्येच दाखवून दिले आहे.