सार्वजनिक ट्रेलवरील ऑफ-रोड वाहनांचे नियम (अमेरिका)

पक्का रस्ता सोडून जंगल, वाळवंट, डोंगर किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या सरकारी जमिनीत, तिथल्या ट्रेलवर म्हणजे रानवाटांवर, हौसेखातर मोटारवाहन चालवताना पाळावे लागणारे कायदे, अटी आणि संकेत. डर्ट बाइक, चारचाकी एटीव्ही म्हणजे क्वाड बाइक, शेजारीशेजारी आसनांची साइड-बाय-साइड, फोर व्हील ड्राइव्ह जीप आणि बर्फावरची स्नोमोबाइल ही वाहने या नियमांखाली येतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा विषय फार विस्तारला, कारण तिथे, विशेषतः पश्चिमेकडच्या राज्यांत, अफाट जमीन संघराज्य सरकारच्या ताब्यात आहे. एकट्या भूमी व्यवस्थापन विभागाकडे (बीएलएम) सुमारे २४.५ कोटी एकर आणि वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर. हेल्मेट, दिवे, वेग यांचे नियम चटकन डोळ्यांत भरतात, पण खरा प्रश्न त्याआधीचा आहे: समोरची वाट गाडीसाठी खुली आहे का, आणि हे ठरवायचे कुणी?

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकापर्यंत या जमिनींवर गाडी घालायला सहसा कुणाची हरकत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप नागरी वापरात आली होती, तरी हौशी मंडळी मोजकीच होती. हलक्या जपानी मोटारसायकली स्वस्तात मिळू लागल्या, १९७० मध्ये होंडाची फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आली आणि चित्र पालटले. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात १९६७ पासून बार्स्टो ते लास व्हेगास अशी मोटारसायकल शर्यत होऊ लागली; शेकडो गाड्या एका ओळीत उभ्या राहून एकदम सुटत. वाळवंटाची जमीन असले प्रकार लवकर विसरत नाही. तिच्या पृष्ठभागावर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांनी मिळून बांधलेली पातळ खपली असते. तीच माती धरून ठेवते. चाकाखाली ती एकदा फुटली की पुन्हा जमायला कित्येक दशके जातात. १९४२ ते १९४४ या काळात याच भागात सैन्याचा सराव झाला होता. त्या रणगाड्यांचे माग काही ठिकाणी आजही दिसतात.

८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ११६४४ काढला. कोणते भाग आणि कोणत्या वाटा ऑफ-रोड वाहनांना खुल्या व कोणत्या बंद, हे प्रत्येक जमीनधारक खात्याने ठरवावे, असे त्यात सांगितले होते. ठरवताना माती, पाणलोट व वनस्पतींची हानी, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी होणारे खटके कमीत कमी राहतील असे पाहायचे होते. २४ मे १९७७ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आदेश क्रमांक ११९८९ ने त्याला धार आणली: वाहनांमुळे मोठे नुकसान होत असल्याचे दिसले तर अधिकाऱ्याने ती वाट तत्काळ बंद करावी.

आदेश निघाले, पण प्रत्यक्ष व्यवहार फारसा हलला नाही. बहुतेक राष्ट्रीय वनांत ‘बंदीचा फलक नसेल तर खुले’ हीच रीत चालू राहिली. एकाने शॉर्टकट मारला की आठवडाभरात तिथे चाकोरी पडते, आणि मागून येणाऱ्याला ती रीतसर वाटच वाटते. अशा आपोआप पडलेल्या वाटांचे जाळे वाढत गेले. २००३ मध्ये वनसेवेचे प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी राष्ट्रीय वनांपुढचे चार मोठे धोके सांगितले. त्यांत वणवे, परकी जाती आणि मोकळ्या भूप्रदेशाचा ऱ्हास यांच्या जोडीला बेशिस्त पर्यटनाचेही नाव होते. नोव्हेंबर २००५ मध्ये वनसेवेचा प्रवास व्यवस्थापन नियम आला आणि जुनी रीत उलटी झाली. आता जे रस्ते, वाटा आणि भाग नेमून दिले आहेत तेवढेच खुले. बाकी सगळे बंद. पहिल्या आदेशापासून इथवर यायला तेहतीस वर्षे लागली, आणि त्या दिरंगाईची किंमत जमिनीने मोजली असे म्हणायला हरकत नाही.

नकाशा हाच कायदा

या नियमानुसार प्रत्येक राष्ट्रीय वनाला मोटारवाहन वापर नकाशा काढावा लागतो. तो फुकट मिळतो. पारंपरिक छापील रूपात तो काळापांढरा आणि दिसायला अगदी रुक्ष असतो. उंचीच्या रेषा नाहीत, प्रेक्षणीय जागा नाहीत. वाट कुठून कुठे जाते, तिच्यावर कोणत्या प्रकारच्या वाहनाला परवानगी आहे आणि वर्षाच्या कोणत्या काळात, एवढेच तो सांगतो. नवख्यांची इथेच फसगत होते. जमिनीवर ठळक वाट दिसते, फाटक नाही, फलक नाही, माणूस बिनदिक्कत आत शिरतो. ती वाट नकाशावर नसेल तर तिथे गाडी नेणे गुन्हा आहे, आणि ‘फलक नव्हता’ ही सबब चालत नाही. कारण फलक उखडले जातात, त्यांवर गोळ्या झाडल्या जातात. नकाशाला ती भीती नाही. उल्लंघनाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बीएलएमची पद्धत थोडी निराळी. त्यांच्या जमिनीचे खुले, मर्यादित आणि बंद असे तीन वर्ग असतात. मर्यादित भागात गाडी ठरलेल्या वाटांवरच चालवायची, किंवा ठरलेल्या हंगामातच, किंवा ठरावीक प्रकारचीच. खुल्या भागात मात्र हवे तिकडे फिरता येते. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल वाळूच्या टेकड्यांचा मोठा भाग असा खुला आहे. तिथली अट वेगळीच: गाडीला उंच काठीवर लाल किंवा नारिंगी झेंडी हवी, जमिनीपासून निदान आठ फूट. टेकडीच्या माथ्यापलीकडून कोण येतेय हे दिसत नाही. आधी दिसते ती झेंडी.

१९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या रानांत मोटारवाहनांना मज्जाव आहे. राष्ट्रीय उद्यान सेवाही रस्त्याबाहेर गाडी नेऊ देत नाही. खास नियम करून काही राष्ट्रीय किनारे, करमणूक क्षेत्रे आणि राखीव प्रदेशांत तेवढी मुभा दिलेली आहे. नॉर्थ कॅरोलायनातला केप हॅटरास किनारा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. २०१२ पासून तिथे वाळूवर गाडी नेण्यासाठी परवाना लागतो. गाडीत फावडे, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि कमी दाब मोजणारे टायर-गेज हवे. वेग ताशी १५ मैलांच्या आत. कासवांच्या विणीच्या हंगामात रात्री गाड्यांना बंदी असते, कारण दिव्यांच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी भलतीकडे वळतात आणि चाकोरीत पडली तर त्यांना वर चढता येत नाही.

वाहनाच्या अटी

नोंदणी, वयोमर्यादा आणि हेल्मेट हे विषय मुख्यतः राज्यांच्या कायद्यात येतात, आणि संघराज्याच्या जमिनीवरही ते लागू होतात. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की नोंदणीचे स्टिकर, परवाना, हेल्मेटची सक्ती, सगळेच बदलू शकते. कॅलिफोर्नियाने असा कायदा १९७१ मध्येच केला होता.

सायलेन्सरकडे अधिकाऱ्यांचे लक्ष सर्वांत आधी जाते, त्याला दोन कारणे आहेत. पहिले आगीचे. धुराबरोबर कार्बनचे तापलेले कण बाहेर पडतात आणि वाळक्या गवतात एखादा कणही वणवा लावायला पुरतो. म्हणून वनसेवेने मान्य केलेला ठिणगीरोधक बसवावा लागतो आणि सायलेन्सरवर तसा शिक्का असावा लागतो. दुसरे कारण आवाज. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या गाड्यांना ९६ डेसिबल आणि त्याआधीच्यांना १०१ डेसिबल ही मर्यादा आहे. गाडी उभी करून, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर ठेवून, धुराच्या नळीपासून २० इंचांवर मापक धरला जातो. फट्फट् आवाजाची हौस असलेल्यांना हा नियम जाचक वाटतो. पण ट्रेल बंद करा अशी मागणी येते तेव्हा आवाजाची तक्रार हमखास पुढे असते, हे जुन्या क्लबांना चांगले ठाऊक आहे. दिवेलागणीनंतर दिवे लावणे, ब्रेक नीट असणे, दारू पिऊन गाडी न चालवणे हे तर उघडच आहे.

रुंदीचा नियम सर्वांत कमकुवत ठरला, असे म्हणावे लागते. पुष्कळ वाटा ५० इंचांपर्यंतच्या वाहनांसाठी नेमल्या गेल्या, कारण वाटा नेमल्या तेव्हाच्या एटीव्हींची रुंदी साधारण तेवढीच होती. वनसेवेच्या व्याख्येतही एटीव्ही म्हणजे ५० इंचांच्या आतली, हॅन्डलची, टांग टाकून बसायची गाडी. पुढे साइड-बाय-साइड गाड्या ६० ते ६४ इंचांवर गेल्या, काही त्याहून रुंद झाल्या. मग वाटेच्या तोंडाशी लोखंडी खांब पुरून फट ठेवली जाऊ लागली, आणि खांबांना वळसा घालून नवी चाकोरी पडू लागली. कारखान्यांच्या वेगाने नियम बदलत नाहीत.

वाटेवरची रीत

पायी चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार यांना मोटारवाहनाने वाट द्यायची. अरुंद चढावर वर चढणाऱ्या गाडीला प्राधान्य, कारण मध्येच थांबली तर तिला पुन्हा उठवणे कठीण. ताफ्याने जाताना समोरून कुणी आले की डाव्या हाताची बोटे दाखवायची: आपल्यामागे जितक्या गाड्या तितकी बोटे. शेवटचा मूठ दाखवतो, म्हणजे मागे कुणी नाही. ही खूण कायद्यात सहसा नसते, तरी आंधळ्या वळणावर तिने टळणाऱ्या टकरी कायद्यातल्या कलमांहून कमी नसाव्यात.

घोडा दिसला की मात्र खरी परीक्षा. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे आणि हेल्मेट काढून स्वाराशी मोठ्याने, शांतपणे बोलायचे. हेल्मेट आणि गॉगल चढवलेला माणूस घोड्याला माणूस वाटतोच असे नाही. ओळखीचा सूर कानी पडला की त्याचे कान सैल होतात. पुढे कसे जायचे ते स्वार सांगेल. तो पुरेसा लांब गेल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही.

डबक्याचा नियम ऐकायला उलटा वाटतो. वाटेत पाणी साचले असेल तर कडेने वळसा न घालता मधूनच जायचे. प्रत्येकजण कोरडी कड शोधू लागला की वाट एका पावसाळी मोसमात दुप्पट रुंद होते, मध्ये चिखल आणि दोन्हीकडे उकरलेली माती. चिखलच चिखल असेल तर परत फिरणे उत्तम. ओढा नेमलेल्या जागीच, प्रवाहाला काटकोनात आणि सावकाश ओलांडायचा. बर्फ वितळण्याचा काळ, हरणांच्या विणीचा काळ, पक्ष्यांची घरटी, कोरड्या उन्हाळ्यातला वणव्याचा धोका अशा कारणांनी वाटा हंगामी बंद राहतात. त्या तारखा नकाशाच्या तक्त्यात असतात.

वेस्ट व्हर्जिनियात २००० मध्ये सुरू झालेल्या हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्सची रचना याहून सुटसुटीत आहे. तिथे सर्वांना परवाना आणि हेल्मेट सक्तीचे, दारूला बंदी, आणि वाटांना अवघडपणानुसार हिरवा, निळा, काळा असे रंग. केवळ मोटारसायकलींच्या वाटा नारिंगी. जुन्या खाणींच्या आणि लाकूडतोडीच्या, बऱ्याचशा खासगी कंपन्यांच्या जमिनीवर हे जाळे उभे आहे, म्हणून नियमही एकाच यंत्रणेच्या हातून चालवता येतात.

लहान मुले

१९८० च्या दशकात तीनचाकी एटीव्हींच्या अपघातांत मुलांचे बळी इतके वाढले की १९८८ मध्ये सरकार आणि वितरक यांच्यात न्यायालयीन तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने ती बंदी पक्की केली. आजही सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्यांची एटीव्ही देऊ नये, असा इशारा गाडीवरच चिकटवलेला असतो. एकाच्या आसनावर दुसऱ्याला बसवण्याची मनाई त्याच कारणाने आहे: एटीव्ही वळते ती स्वाराच्या शरीराचा तोल सरकल्याने, आणि मागे माणूस असला की त्याला सरकायला जागा राहत नाही. डांबरी रस्त्यावर हीच गाडी अधिक घातक. बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात. मातीत ती घसरून वळण घेतात, डांबर मात्र त्यांना पकडून ठेवते आणि गाडी कलंडते.

वाद आणि पैसा

खुल्या-बंदचा प्रश्न वारंवार न्यायालयात गेला. १८६६ च्या एका कायद्याने सार्वजनिक जमिनीतून रस्ते काढण्याचा हक्क दिला होता. तो १९७६ मध्ये रद्द झाला, पण त्याआधीचे रस्ते अबाधित राहिले, आणि युटा राज्यातल्या काउंट्या, म्हणजे जिल्हे, त्याच आधारावर जुन्या चाकोऱ्यांवर आजवर दावा सांगतात. दुसऱ्या बाजूने, युटातल्या वाइल्डरनेससाठी विचाराधीन भागांत गाड्या रोखाव्यात म्हणून पर्यावरणवाद्यांनी बीएलएमवर दावा लावला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की अशी व्यापक कर्तव्ये न्यायालयामार्फत खात्याच्या गळी उतरवता येत नाहीत. बार्स्टोची शर्यत १९८९ नंतर झाली नाही. ती ज्या मोहावीतून जाई तिथल्या कासवाला १९९० मध्ये संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले.

वाटांची डागडुजी कोण करते, हेही पाहण्यासारखे आहे. ऑफ-रोड गाड्यांत जळणाऱ्या इंधनावरचा संघराज्य कर १९९१ पासून ट्रेल कार्यक्रमाकडे वळवला जातो. त्यातले ३० टक्के मोटारींच्या वाटांना, ३० टक्के बिनमोटारींच्या आणि ४० टक्के मिश्र वापराच्या वाटांना राखलेले असतात. म्हणजे एटीव्हीवाल्याच्या पेट्रोलमधून पायी भटकणाऱ्यांचेही काही पूल बांधले जातात. लोकांना ऐकवायला हा मुद्दा मोटार क्लबांना फार आवडतो, आणि तो खराही आहे.

इतरत्र

युरोपातला कल उलट्या टोकाचा. स्वीडनमध्ये १९७५ पासून बर्फ नसलेल्या मोकळ्या जमिनीवर हौसेने गाडी नेता येत नाही. नॉर्वेतही १९७७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मोटारवाहनांना मुळातच बंदी आहे, परवानगी हा अपवाद. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी घातली तर जबर दंड होतो. इंग्लंडमध्ये जुन्या ग्रामीण वाटांपैकी मोटारींना खुल्या म्हणून नोंद नसलेल्या पुष्कळ वाटांवरचा मोटारींचा हक्क २००६ मध्ये संपवण्यात आला.

विजेवरची वाहने

विजेवरच्या दुचाकींना ठिणगीही नाही आणि फारसा आवाजही नाही, त्यामुळे निम्मे जुने आक्षेप त्यांना लागू पडत नाहीत. चाकाखालची माती मात्र तशीच उकरली जाते. पेडल असलेल्या ई-बाइकबाबत खात्यांचे अजून एकमत नाही. वनसेवा तिला मोटारवाहनच मानते आणि मोटारींना नेमून दिलेल्या वाटांवरच येऊ देते. बीएलएमच्या २०२० च्या नियमानुसार मात्र स्थानिक अधिकारी ठराविक वर्गांतल्या ई-बाइकना काही वाटांपुरते ऑफ-रोड वाहनाच्या व्याख्येतून वगळू शकतो. म्हणून दोन्ही खात्यांच्या जमिनी जिथे लागून आहेत, तिथे एकच दुचाकी कुंपणाच्या एका बाजूला सायकल आणि दुसऱ्या बाजूला मोटारवाहन ठरू शकते.