‘सालुमरद’ की ‘वृक्षमाता’? झाडाला कवटाळणाऱ्या बाईच्या चित्रामागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की शाळेच्या भिंतीवर किंवा रांगोळीत हमखास उतरते ती झाडाला कवटाळून उभी असलेली लुगड्यातली बाई. हिमालयातली १९७४ ची ‘चिपको’ची कथा सगळ्यांना पाठ आहे. आपल्याला जवळची १९८३ ची. शिरसी तालुक्यातल्या साल्कणीच्या बायामाणसांनी झाडांना मिठ्या मारून तोड अडवली. ‘चिपको’चे कन्नडात ‘अप्पिको’ झाले आणि ते पदयात्रा, लोकनृत्ये, पथनाट्ये यांतून गावोगाव पोचले. त्याही मागे जायचे तर वटपौर्णिमेला पाटावर गंधाने काढलेला वड आहेच.

आजच्या चित्रांत मात्र घोळ झाला आहे तो ‘सालुमरद’ या शब्दाचा, म्हणजे वड वाढवणाऱ्या तिम्मक्का आजींना लोकांनी दिलेल्या कन्नड पदवीचा. सालु म्हणजे ओळ, मर म्हणजे झाड. सालुमरद म्हणजे झाडांच्या ओळीची. मराठी कानाला ‘मर’ अशुभ आणि ‘मरद’ पुरुषी वाटतो, म्हणून आपण सरळ ‘वृक्षमाता’ लिहून मोकळे होतो. मला हे पटत नाही. दक्षिण कर्नाटकात हुलिकल ते कुदूर रस्त्याकडेला तिम्मक्का आणि त्यांचे पती या मजुरी करणाऱ्या नवरा-बायकोने ३८५ वड वाढवले. घागरींनी पाणी वाहिले, गुरांपासून रोपे राखायला काटेरी कुंपण घातले. पोटी मूल नव्हते आणि झाडांना त्या लेकरे मानत, हे खरेच. तरी लोकांनी पदवी दिली ती ओळीवरून, म्हणजे कामावरून. ‘माता’ म्हटले की चित्रात एक झाड आणि एक कुशी उरते. रस्ता, घागर, नवरा तिन्ही गळतात. २०१९ मध्ये तेच वड रस्ता रुंदीकरणात जायची वेळ आली, तेव्हा या आजींनी थेट सरकारकडे दाद मागितली होती. तो प्रसंग मी कुठल्याच भिंतीवर पाहिलेला नाही.

त्याच वर्षी पद्मश्री घेताना त्यांनी राष्ट्रपतींच्या कपाळावर हात ठेवला. २०२१ मध्ये अंकोल्याकडच्या हलक्की समाजातल्या तुलसी गौडा, म्हणजे हलक्की आजी, त्याच सन्मानासाठी अनवाणी गेल्या. पुढची बरीच चित्रे या दोन छायाचित्रांवरूनच उतरलेली दिसतात. हलक्की आजी डिसेंबर २०२४ मध्ये गेल्या, वडांच्या आजी नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यानंतर तसबिरीवजा चेहरेच जास्त दिसू लागले. हलक्की आजींचे आयुष्य वन खात्याच्या रोपवाटिकेत गेले. बी धरायला जंगलातले कोणते झाड चांगले आणि ते बी कधी वेचायचे, हे त्यांना नेमके ठाऊक असे. त्यांच्या ओंजळीत बिया दाखवणारे चित्र आपल्या भागात कुणी काढले असेल, तर मला ते बघायचे आहे.